तैनाती फौजांचा नवा बाजार

मे २०१७ च्या अखेरीस ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये एरिक प्रिन्स यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. प्रिन्स हे अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ पथकातले माजी अधिकारी आणि ‘ब्लॅकवॉटर’ या खासगी लष्करी कंपनीचे संस्थापक. अफगाणिस्तानचे युद्ध सोळा वर्षे झाली तरी संपत नाही, तेव्हा ते एका ‘व्हाइसरॉय’च्या हाती सोपवावे आणि अफगाण पलटणींच्या जोडीला खासगी कंपन्यांची माणसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. नमुना म्हणून त्यांनी थेट ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घेतले. पुढे साडेपाच हजार कंत्राटी माणसे आणि खासगी हवाई दल असा तपशीलही त्यांनी मांडला. व्हाइट हाउसमध्ये या योजनेवर गांभीर्याने चर्चा झाली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकमास्टर यांचा तिला विरोध होता. अखेर ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी सरकारी सैन्याचीच कुमक वाढवण्याचे ठरवले आणि योजना बारगळली.

प्रिन्स यांनी दिलेला दाखला अमेरिकी वाचकाला पुस्तकातला वाटला असेल. महाराष्ट्रात तो घरचा आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला जो तह केला, तो आजच्या भाषेत एका खासगी लष्करी कंपनीशी झालेला करारच होता. पुणे होळकरांच्या हाती गेले होते, गादी परत हवी होती आणि स्वतःची फौज पुरी पडत नव्हती. कंपनीने किमान सहा हजार पायदळ आणि तोफा देऊ केल्या आणि खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख मागितला. बाजीराव गादीवर बसला, पण परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या हाती गेला आणि सोळा वर्षांच्या आत पेशवाईच संपली. हैदराबादच्या निजामानेही १७९८ मध्ये आपल्या पदरच्या फ्रेंच पलटणी मोडून कंपनीची तैनाती फौज घेतली आणि १८०० मध्ये तिच्या खर्चासाठी प्रांत तोडून दिले. राजाला फौज मिळे, पण ती ज्या उत्पन्नातून पोसायची ते उत्पन्न फौज पुरवणाऱ्याकडे जाई. मग स्वतःची फौज उभी करण्याची ताकद राजाकडे पुन्हा कधीच येत नसे.

देशाचे सैन्य असताना, किंवा ते दुबळे असताना, युद्ध खासगी कंपन्यांकडे द्यावे का, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत आफ्रिकेपासून इराकपर्यंत पुन्हा पुन्हा कसाला लागला आहे. त्याचे उत्तर पुस्तकी नीतीत शोधण्यापेक्षा प्रत्यक्ष काय घडले ते पाहणे बरे. त्यातही मराठ्यांचा अनुभव वगळून चालणार नाही, कारण तैनाती फौज घेण्याच्या कितीतरी आधीपासून मराठे स्वतःही पगारी परक्या सैनिकांवर विसंबू लागले होते.

तो अनुभव एकरंगी नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणींसह शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि हालहाल होऊन मेला. पगारावर लढणारा माणूस बेइमान असतोच, असे म्हणणाऱ्याने त्याची आठवण ठेवावी. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारद्याच्या माणसांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला त्याच्याच वाड्यात कापून काढले. थकलेल्या पगाराची तक्रार हे निमित्त होते, कट घरातला होता. निदान त्या खुनाचा जाब राघोबादादांना विचारायला रामशास्त्री प्रभुणे होते.

महादजी शिंद्यांचे गणित याहून मोठे होते. सव्हॉयचा बेन्वा द बॉइन्य त्यांच्या नोकरीत आला आणि त्याने युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी उभारल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या ‘कंपूं’नी राजपूत फौजांचा धुव्वा उडवला. १७९३ मध्ये लाखेरीला त्यांनी होळकरांच्या पलटणी मोडल्या, म्हणजे मराठ्यांच्याच पैशावर मराठ्यांचे सैन्य मोडले गेले. या फौजेचा खर्च भागावा म्हणून दुआबातला सुपीक मुलूख द बॉइन्यकडे लावून दिला होता. नोकरी संपवून तो प्रचंड संपत्ती घेऊन युरोपात परतला. त्याच्या गावी, शांबेरीत, हत्तींच्या पुतळ्यांचे कारंजे आजही त्याच्या नावाने उभे आहे.

खरी कसोटी १८०३ मध्ये लागली. इंग्रजांशी युद्ध जुंपताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बाजू सोडावी, त्यांच्या पगाराची सोय केली जाईल. अनेकांनी सोडली. द बॉइन्यनंतरचा सेनापती पेराँ युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अलीगढचा किल्ला घेताना इंग्रज तुकडीला वाट दाखवत होता तो शिंद्यांच्याच नोकरीतून आलेला ल्यूकन नावाचा अधिकारी. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे होते. तिथे एतद्देशीय गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, पण तोफा सोडून गेले नाहीत. नेतृत्व करारावर घेतलेले असले की युद्ध ऐन भरात असतानाही त्या कराराला दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते, हे तेव्हा अगदी स्वच्छ दिसले.

युरोपने हा धडा स्वतःच्या भूमीवर आधीच गिरवला होता. इटलीतल्या नगरराज्यांनी पोसलेल्या कंत्राटी सेनानींपैकी फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४५० मध्ये मिलानच ताब्यात घेतले. पुढच्या शतकांत राजांनी आणि मग संसदांनी कायमची राष्ट्रीय सैन्ये उभारली. भारतातही १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे लष्कर ब्रिटिश राजसत्तेकडे गेले. भाडोत्री सैनिक संपला नाही, पण तो कडेला गेला.

शीतयुद्ध संपल्यावर तो परत आला, आणि या वेळी त्याच्याकडे कार्यालय, दरपत्रक आणि वकील होते. जगभर सैन्ये कमी केली जात होती. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट मोडकळीला आली होती आणि अंगोला, नामिबियात वर्षानुवर्षे लढलेली माणसे रिकामी झाली होती. अशा माणसांतून एबेन बार्लो यांनी १९८९ मध्ये ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ ही कंपनी काढली. खासगी लष्कराच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण आजही याच कंपनीचे, आणि सिएरा लिओन या एकाच देशाचे, उदाहरण देतो. ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सिएरा लिओनमध्ये १९९१ पासून फोदे सांको यांच्या ‘रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट’ने माणसांचे हात तोडण्यापर्यंत मजल मारली होती. लहान मुलांच्या हाती बंदुका होत्या, हिऱ्यांच्या खाणी बंडखोरांकडे होत्या आणि सरकारी सैनिकांतले काही जण रात्री बंडखोरांबरोबर लुटालूट करत. १९९५ च्या वसंतात बंडखोर राजधानी फ्रीटाउनच्या वेशीवर आले. जग हलले नाही. सरकारने आधी ‘गुरखा सिक्युरिटी गार्ड्स’ ही कंपनी आणली, पण तिचा प्रमुख चकमकीत मारला गेल्यावर तिने काढता पाय घेतला. मग ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ आली. माणसे दोनेकशे, काही लढाऊ हेलिकॉप्टरे आणि शिस्त. काही दिवसांत बंडखोर राजधानीपासून मागे रेटले गेले, काही आठवड्यांत कोनोचा हिरेपट्टा परत मिळाला. लोकांना गावी परतता आले आणि १९९६ मध्ये निवडणुकाही झाल्या. एकवीस महिन्यांचा खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास. ज्यांचे हात वाचले, त्यांच्यासमोर उभे राहून भाडोत्री सैनिक वाईट असतात असे म्हणण्याची हिंमत कोणाला होईल?

पण गोष्ट तिथे थांबत नाही. नोव्हेंबर १९९६ च्या शांतता करारात कंपनीने निघून जावे अशी अट होती. जानेवारी १९९७ मध्ये ती गेली. चारच महिन्यांत, २५ मे रोजी, सैन्याने बंड करून निवडून आलेले अध्यक्ष कब्बा यांना हाकलले आणि बंडखोरांना राजधानीत बोलावून घेतले. जानेवारी १९९९ मध्ये फ्रीटाउनवर झालेला हल्ला त्या युद्धातल्या सर्वांत भीषण प्रसंगांपैकी एक होता. कंपनीने लढाया जिंकल्या होत्या. पगार न मिळणारे, शिस्त नसलेले, जनतेला लुटणारे देशाचे सैन्य मात्र होते तसेच राहिले. ते सुधारणे कंपनीच्या करारात नव्हते, आणि बाहेरच्यांची सेवा विकत मिळत असताना सरकारलाही त्याची निकड वाटली नाही. शिवाय कोनोतल्या हिऱ्यांच्या खाणीचा परवाना ‘ब्रँच एनर्जी’कडे गेला. या कंपनीचे ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’शी जवळचे संबंध होते.

शेवटी तिथले युद्ध थांबवले ते ब्रिटिश सैन्याच्या हस्तक्षेपाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने. या शांतिसेनेचे पहिले प्रमुख होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी पूर्वेकडच्या कैलाहून इथे दोनशेहून अधिक शांतिसैनिकांना वेढले. त्यांत बहुतेक भारतीय गोरखा रायफल्सचे जवान होते. शस्त्रे टाका, म्हणजे सोडून देऊ, असा निरोप होता. जवानांनी शस्त्रे टाकली नाहीत. सुमारे अडीच महिने ते वेढ्यात राहिले आणि जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ने लढून बाहेर पडले. पुढे शांतिसेनेतल्या वादांमुळे भारताने आपली तुकडी परत घेतली हेही नोंदवायला हवे, सरकारी सैन्येही निघून जातात. पण त्या निर्णयाची जबाबदारी एका निवडून आलेल्या सरकारची होती आणि त्याला संसदेत उभे करता येत होते.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी १९९८ मध्ये एका भाषणात सांगितले होते की रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांत सशस्त्र टोळ्या घुसल्या, तेव्हा खासगी कंपनी नेमण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. जग शांततेचे खासगीकरण करायला बहुधा तयार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खासगी लष्कराच्या समर्थकांची सर्वांत टोकदार बाजू हीच आहे: देश सैन्य पाठवत नाहीत आणि माणसे मरत राहतात. यावर सरकारांना आजवर समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

करार फसतो तेव्हा काय होते, ते पापुआ न्यू गिनीत दिसले. १९९७ मध्ये पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी बुगनव्हिल बेटावरचे बंड मोडायला ‘सँडलाइन’ कंपनीशी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. देशाचा आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च आधीच तोकडा होता. खुद्द सैन्यप्रमुख जेरी सिंगिरोक यांनी विरोध केला, कंपनीच्या माणसांना पकडले, लोक रस्त्यावर आले आणि चॅन यांना बाजूला व्हावे लागले. युद्ध लढलेच गेले नाही. तरी कंपनीने उरलेल्या रकमेसाठी लवादात धाव घेतली आणि निकाल तिच्या बाजूने लागला.

अमेरिकेने हा धंदा वेगळ्याच पातळीवर नेला. इराक आणि अफगाणिस्तान मिळून २०१० मध्ये कंत्राटी माणसांची संख्या २ लाख ६० हजारांच्या वर गेली होती, असे अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाचा अहवाल सांगतो. यातले बहुतेक स्वयंपाकी, चालक, मेकॅनिक, दुभाषे होते, बंदूकधारी कमी. याच आयोगाने २०११ मध्ये उधळपट्टी आणि अफरातफरीत गेलेली रक्कम ३१ ते ६० अब्ज डॉलरच्या दरम्यान धरली. खासगी म्हणजे स्वस्त, ही समजूतही तपासून पाहावी लागते. ब्लॅकवॉटर एका रक्षकासाठी सरकारकडून दिवसाला १,२२२ डॉलर घेत असे, हे २००७ मध्ये संसदीय समितीपुढे आले. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००८ मध्ये मात्र एकूण खर्चाची तुलना करून तो सरकारी तुकडीच्या खर्चाच्या जवळपासच असल्याचे सांगितले, कारण युद्ध संपल्यावर कंत्राटदाराला पोसावे लागत नाही. म्हणजे पैशाच्या बाजूने हा वाद निकालात निघत नाही.

तो निकालात निघतो बगदादच्या निसूर चौकात. १६ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ताफ्याचे रक्षण करणाऱ्या ब्लॅकवॉटरच्या माणसांनी भर वाहतुकीत गोळीबार केला. सतरा इराकी नागरिक ठार झाले, त्यांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. इराकी न्यायालयाला त्यांना हातही लावता आला नाही. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी काढलेल्या सतराव्या आदेशाने परक्या कंत्राटदारांना इराकी कायद्यातून सूट दिली होती. लष्करी न्यायालय नव्हते, कारण ते सैनिक नव्हते. अमेरिकेच्या भूमीवरचा मुलकी कायदा लागू होतो की नाही, यावरच वर्षे गेली. २०१४ मध्ये चार जण दोषी ठरले आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. दरम्यान कंपनीने दोनदा नाव बदलले. अबू गरीब तुरुंगातल्या छळाच्या प्रकरणात ‘सीएसीआय’ या कंपनीविरुद्ध तीन इराकींना ज्यूरीकडून ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, छळानंतर वीस वर्षांनी. सरकारी सैनिकही गुन्हे करतात आणि सरकारे त्यांना पाठीशी घालतात, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. फरक असा की सैनिकासाठी कोणते न्यायालय, कोणता कायदा, कोणता मंत्री हे आधीपासून ठरलेले असते. निसूर चौकातल्या मृतांच्या नातेवाइकांना जाब विचारण्याचे ठिकाण शोधण्यातच सात वर्षे घालवावी लागली.

मेलेल्या कंत्राटदाराचाही हिशेब कोणी ठेवत नाही. सैनिकाची शवपेटी ध्वजात गुंडाळून येते, टीव्हीवर दिसते, मतदार ती पाहतो आणि युद्ध कधी संपणार असे विचारतो. कंत्राटी चालकाचा मृत्यू विमा कंपनीच्या फायलीत जातो. ब्राउन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाच्या अंदाजानुसार ९/११ नंतरच्या युद्धांत सुमारे आठ हजार कंत्राटी माणसे मरण पावली. हा आकडा त्याच युद्धांत मेलेल्या अमेरिकी सैनिकांपेक्षा जास्त आहे. खासगी लष्कर सरकारांना प्रिय का आहे, याचे सर्वांत खरे कारण इथे असावे. त्यामुळे युद्ध लढणे स्वस्त झाले नाही, पण जनतेपासून लांब ठेवणे सोपे झाले. लोकशाहीत याहून मोठा तोटा दुसरा नाही.

आणि ही माणसे असतात कोण? वरच्या पगारावर ब्रिटिश, अमेरिकी, दक्षिण आफ्रिकी. त्यांच्याखाली फिजी, युगांडा, कोलंबिया, नेपाळ, भारत. २००४ मध्ये इराकमध्ये अतिरेक्यांनी बारा नेपाळी कामगारांना ठार केले. उपकंत्राटदारांच्या साखळीतून ते तिथे पोहोचले होते. त्याच वर्षी कुवेतच्या वाहतूक कंपनीसाठी ट्रक चालवणारे तीन भारतीय अनेक आठवडे ओलीस होते. जून २०१६ मध्ये काबूलला कॅनडाच्या वकिलातीवर पहारा देणाऱ्या नेपाळी रक्षकांची बस स्फोटात उडाली आणि डझनाहून जास्त जण गेले. अलीकडे रशियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या आणि युक्रेनच्या आघाडीवर उभ्या केलेल्या भारतीय तरुणांची १२६ प्रकरणे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये मान्य केली. तोवर त्यांतले बारा मरण पावले होते. त्यांना घेतले ते रशियन सैन्याने, कंपनीने नव्हे. पण गावात येणारा एजंट, न समजणाऱ्या भाषेतला करार आणि गेल्यावर परतीची वाट नसणे हे सगळे याच बाजाराचे आहे.

रशियाने या बाजाराची सगळी रूपे एकाच कंपनीत दाखवली. रशियाच्या दंडसंहितेत भाडोत्री सैनिकगिरी हा गुन्हा आहे. तरी २०१४ मध्ये पूर्व युक्रेनमध्ये दिमित्री उत्किन आणि येवगेनी प्रिगोझिन यांची ‘वॅग्नर’ अवतरली, मग सीरियात, लिबियात, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, मालीत. वर्षानुवर्षे क्रेमलिन म्हणत राहिले की या माणसांशी आमचा संबंध नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सीरियात देर अझ-झोरजवळ अमेरिकी विमानांनी वॅग्नरच्या तुकडीवर भडिमार केला, तेव्हा रशियन लष्कराने आपले सैनिक तिथे नसल्याचे सांगून हात झटकले. आपली माणसे मेली हे कबूलही करावे लागू नये, यासाठीच ती कंपनी होती. युक्रेनच्या युद्धात प्रिगोझिन तुरुंगातून फिरले, सहा महिने लढा आणि माफी घ्या असा सौदा देत. बाखमुतच्या लढाईत आपली सुमारे वीस हजार माणसे गेली, त्यांत निम्मे कैदी होते, असे त्यांनी स्वतः मे २०२३ मध्ये सांगितले.

आणि २३ जून २०२३ च्या रात्री ही फौज उलटली. दुसऱ्या दिवशी तिने रोस्तोव्हमधले लष्करी मुख्यालय ताब्यात घेतले, वाटेत हवाई दलाची विमाने पाडली आणि मॉस्कोपासून दोनेकशे किलोमीटरवर येऊन ती थांबली, तीही बेलारुसचे लुकाशेन्को मध्ये पडले म्हणून. तीन दिवसांनी पुतिन यांनी जाहीर केले की वॅग्नरचा सगळा खर्च सरकारच करत होते आणि एका वर्षात ८६ अब्ज रूबल दिले गेले. बरोबर दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, प्रिगोझिन आणि उत्किन विमान कोसळून मेले. अण्वस्त्रसज्ज देशाच्या राजधानीवर त्याच देशाच्या पैशाने पोसलेली कंपनी चालून गेली, हे नारायणरावाच्या वाड्यातल्या दुपारपेक्षा किती वेगळे आहे?

आफ्रिकेत वॅग्नरने घेतलेला मोबदला तैनाती फौजेची आठवण करून देतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात न्दासिमाची सोन्याची खाण वॅग्नरशी जोडलेल्या कंपनीकडे गेली. मालीतल्या लष्करी राजवटीने वॅग्नरला बोलावले आणि फ्रेंच सैन्याला व नंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला घालवले. मार्च २०२२ मध्ये मूरा गावात माली सैन्याने आणि त्यांच्या परक्या साथीदारांनी किमान पाचशे माणसे मारल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवले. जुलै २०२४ मध्ये उत्तरेला तिन्झवातेनजवळ वॅग्नरचा मोठा पराभव झाला. जून २०२५ मध्ये आपले काम झाले असे म्हणत ती निघून गेली आणि तिच्या जागी रशियन संरक्षण खात्याचे ‘आफ्रिका कोअर’ आले. काही महिन्यांतच जिहादी गटांनी राजधानी बामाकोचा इंधनपुरवठा अडवला.

मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतातली कथा भारताच्या खिशापर्यंत येते. तिथल्या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. २०१७ पासूनच्या बंडाविरुद्ध सरकारने २०१९ मध्ये वॅग्नर आणली. ती जंगलात माणसे गमावून काही महिन्यांत परतली. मग दक्षिण आफ्रिकेची ‘डाइक ॲडव्हायझरी ग्रुप’ हेलिकॉप्टरे घेऊन आली. मार्च २०२१ मध्ये बंडखोरांनी पाल्मा शहर घेतले आणि फ्रेंच ‘टोटाल’ने वीस अब्ज डॉलरचा प्रकल्प थांबवला. त्या जुलैत रवांडाचे सुमारे एक हजार सैनिक आले आणि ऑगस्टमध्ये मोसिम्बोआ द प्राया हे बंदर परत मिळाले. रवांडाचे हेतू निर्मळ होते असे म्हणण्याचे कारण नाही, पण दोन कंपन्यांना जे जमले नाही ते एका लहान देशाच्या शिस्तबद्ध सैन्याने केले.

खासगी बंदूक सगळीकडेच अपयशी ठरली असेही नाही. सोमाली चाच्यांच्या उच्छादात व्यापारी जहाजांवर सशस्त्र रक्षक ठेवायला सुरुवात झाली आणि चाचेगिरी झपाट्याने ओसरली. नौदलांच्या गस्तीचाही त्यात वाटा होता. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाने २०११ मध्ये भारतीय जहाजांनाही तशी परवानगी दिली. कोकणातल्या आणि मुंबईतल्या खलाशांच्या घरांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण हे पहारे होते, युद्ध नव्हे, आणि इथेही कायदा अडखळला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ अडवलेल्या ‘सीमन गार्ड ओहायो’ या जहाजावरचे पस्तीस जण, ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनी आणि भारतीयही, शस्त्रांच्या परवान्यावरून अटकेत गेले. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले.

आंतरराष्ट्रीय कायदा तर अजून जुन्या शत्रूशी लढतो आहे. त्याच्या डोळ्यांसमोर आहे तो माइक होअरसारखा माणूस: कोलकात्यात जन्मलेला, १९६४ मध्ये काँगोत लढलेला, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये सेशेल्समध्ये सत्तापालटाचा डाव फसल्यावर मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे विमान पळवून डर्बनला नेणारा. अशा माणसासाठी १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने भाडोत्री सैनिकाची व्याख्या केली, पण सहा अटी एकाच वेळी लागू व्हाव्यात असे घातले. कंपनीचा साधा वकीलही त्यातली एखादी अट चुकवून देतो. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स आणि भारत यांपैकी कोणी नाही. २००८ च्या माँट्रो दस्तऐवजात अमेरिका आणि चीन आहेत, पण तो बंधनकारक नाही, आणि त्यातही भारत नाही.

भारताला या प्रश्नापासून फार काळ दूर राहता येणार नाही. अग्निपथ योजनेत चार वर्षांनी दर चारपैकी तीन अग्निवीर सैन्याबाहेर येणार आहेत, वयाच्या पंचविशीच्या आसपास, शस्त्रांचे प्रशिक्षण घेतलेले. नेपाळने या योजनेखालची गोरखा भरती थांबवल्यानंतर तिथले अनेक तरुण रशियाच्या सैन्यात गेले, हे साऱ्यांनी पाहिले. परदेशी खासगी लष्करी कंपनीत जाणाऱ्या भारतीयाला कोणता कायदा लागू होईल, त्याने तिथे गुन्हा केला तर खटला कुठे चालेल, तो मेला तर त्याच्या घरच्यांना कोण उत्तर देईल, हे सरकारने आत्ताच लिहून ठेवायला हवे. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा सोसायटीच्या आणि कारखान्याच्या पहारेकऱ्यांसाठी आहे, तो इथे पुरणार नाही. परकी लढाऊ कंत्राटे घेण्यावर बंदी, पहाऱ्याच्या आणि जहाजांच्या कामासाठी परवाना आणि नोंदणी, आणि भरती करणाऱ्या एजंटवर फौजदारी जबाबदारी, एवढे तरी नव्या कायद्यात असावे. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये असाच कायदा केला, त्याच वर्षाच्या अखेरीस ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ने गाशा गुंडाळला. बार्लो मात्र २०१५ मध्ये दुसऱ्या कंपनीतर्फे नायजेरियात बोको हरामविरुद्ध लढायला माणसे घेऊन उभे राहिलेच, आणि २०२५ मध्ये हैतीच्या सरकारने टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी कंत्राट दिले ते एरिक प्रिन्स यांच्याच नव्या कंपनीला.